मयत झोपलंय, नंतर फोन करा

हॅलो?… हो, वारले… आज सकाळीच… हो, हो, वाचनालयातच… बायकांनी आत बसायचं, पुरुषांनी बाहेर शेकोटीपाशी… चटई मात्र आपापली आणा, इथल्या संपल्यात… आणि येताना एखादा ओंडका आणलात तर उपकार होतील… हो ना, फार चांगला माणूस… आपण कोण बोलताय?…

कोण?…

कोणाची बहीण?…

नाही… नाही, ताई. कोण वारलं? कोणीच वारलं नाही… मी? मी कुठे तसं म्हणालो?… चटई? चटईचा विषयच निघाला नाही आपल्यात… ताई, आपण असं करू. फोन आत्ताच लागलाय असं समजू. मी म्हणतो 'हॅलो'. तुम्ही म्हणा, मी कासोंदेची बहीण. आणि मी म्हणतो, बा कासोंदे, म्हणजे तुमचे भाऊ, एकदम ठणठणीत आहेत…

हॅलो?…

ताई?… अहो, रडू नका ना… अहो ऐका ना…

मी चोंबा… चोंबा. तुमच्या भावाबरोबर मालिकेत काम करतो… नाही, पडद्यावर नाही दिसत. मागे असतो. चहा आणतो, वायरी उचलतो, लोकांना गप्प बसवतो… हो, निधनाच्या फलकावरचा नंबर माझाच… फलकाचा फोटो तुम्हाला तिकडे मान्सात कोणी पाठवला?… मामांनी. आणि मामांना?… हं. कोणालाच माहीत नसतं…

ताई, तो फलक खोटा आहे. म्हणजे फलक खरा आहे, लाकडाचा, मीच रंगवलाय. त्यावरचं मरण खोटं… 'बोलू नका' बघता ना तुम्ही?… हो, तीच, दर शुक्रवारची, वाचनालयातली विनोदी… हो, ज्यात ते डुलक्या काढणाऱ्या कारकुनाचं काम करतात… तर तो कारकून आजच्या भागात मरतो… मी नाही मारलं त्याला! लेखकाने मारलं… का ते नाही सांगितलं. आम्हाला फक्त सांगितलं, शवपेटी आणा…

मग इतकी माणसं का रडतायत?… ऐकू येतंय होय तुम्हाला… थांबा, कोपऱ्यात जातो… आता?… अजून येतंय. बरं.

आमचं चुकलं ताई. सकाळी आम्ही मंडप घातला आणि दाराबाहेर शेकोटी पेटवली. चित्रीकरणापुरती. शेजारी दोन बाकं टाकली… मुफुलिरात दाराबाहेर दिवसाढवळ्या ओंडका जळताना दिसला की माणूस काय करतो?… बसतो. बरोबर. कोण गेलं म्हणून विचारतो का?… नाही विचारत. वाईट दिसतं. टोपी काढतो आणि बसतो. तसा एक बसला. त्याला बघून दुसरा. तेवढ्यात खाणीतली रात्रपाळी सुटली, आणि घरी जाता जाता अख्खी पाळी बसली. मांडीवर हेल्मेट ठेवून. मग चर्चच्या बायका आल्या, गणवेशात, पातेल्यांसकट. त्यांनी पुस्तकांची कपाटं भिंतीकडे सरकवली आणि गाद्या घातल्या…

कॅमेरे? कॅमेऱ्यांचं कोणाला काय. हल्ली मयताचं चित्रीकरण सगळेच करून घेतात. उलट एक काका मला म्हणाले, तीन-तीन कॅमेरे, म्हणजे घराणं बरं दिसतंय…

मी का नाही सांगितलं त्यांना? ताई, एवढी माणसं उपाशीपोटी रडतायत. त्यांना जाऊन सांगू, की गंमत होती? मरणाची गंमत? त्याच शेकोटीत घालतील मला. आणि आमचे दिग्दर्शक, म्बेवे साहेब, त्यांनी बजावलंय, जो तोंड उघडेल तो उद्यापासून घरी. इतकी गर्दी, इतकी मनापासून रडणारी, त्यांना जन्मात मिळाली नव्हती. मलाच म्हणाले, फोन आले तर 'हो' म्हण आणि चटया आणायला सांग…

हो. चूक झाली. मान्य. खूप मोठी चूक… 

त्यांना फोन देऊ? द्यायलाच हवा हो, पण… त्यांचा स्वतःचा फोन टोपलीत आहे, बंद. चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांचे काढून घेतो मी… आणि ते स्वतः ना… ते सध्या झोपलेत.

ताई!

ताई, तसे नाही झोपले! अहो, झोपलेत म्हणजे झोपलेत! घोरतायत!… आईंना नका सांगू 'झोपलाय' म्हणून!… सांगितलंत?…

हो… हो, कळतंय मला… तुमच्या वडिलांच्या वेळी पण असाच फोन आला होता, 'जरा बरं नाही, या'… हो, आमच्या आजीच्या वेळी पण तेच. 'या, मग बोलू.' आणि येऊन बघतो तर शेकोटी… हो, मरण कोणी फोनवर सांगत नाही, आडून आडून सांगतात, मीही इथलाच आहे ताई… पण मग जिवंत माणूस जिवंत आहे हे फोनवर सांगायचं तरी कसं? तुम्हीच शब्द सुचवा… 'बरे आहेत'?… नको, बरोबर… 'ठणठणीत'?… काकांच्या वेळी 'ठणठणीत' म्हणाले होते?… बरं. काढला तो शब्द… 'काळजी करू नका'?… आणखी जोरात का रडताय?… नाही म्हणत! परत नाही म्हणत!

मी तुमची समजूत काढत नाहीये… मी चांगला मुलगा वगैरे काही नाही, ताई. विचारा कोणालाही.

तुम्ही आहात कुठे आत्ता?… बसमध्ये. बस कुठे आहे?… चेम्बेचा पूल?… पुलावर की पुलाच्या अलीकडे?… अलीकडे. बरं झालं. सीमेवरचे शिक्के मारून झाले सगळ्यांचे?… झाले…

ताई, नीट ऐका. पूल ओलांडला की काँगो. काँगोत आपला फोन मुका होतो, तो पार मोकाम्बोला बस परत आपल्या हद्दीत शिरेपर्यंत. म्हणजे आई सगळा काँगो… तसंच बसून… नाही, नाही, तसं होऊ द्यायचं नाही. पुलाआधी आईंच्या कानावर मुलाचा आवाज पडलाच पाहिजे. आई कशा आहेत?…

बोलत नाहीत… रडत पण नाहीत?… पाणी दिलंत?… रक्तदाबाची गोळी?… 'आता कशाला' म्हणाल्या?…

मांडीवर काय आहे म्हणालात?…

कोट. वडिलांचा… पुरताना घालायला…

ताई, तो कोट चुरगळू देऊ नका. मी करतो काहीतरी. आधी ड्रायव्हरकडे द्या फोन… द्या तर.

हॅलो, दादा… हो… हो, धन्यवाद… नाही, म्हणजे सांत्वनाबद्दल धन्यवाद, पण सांत्वन नको… तुम्ही बस जरा थांबवून धरा… हो, वेळापत्रक आहे, माहीत आहे मला… सीट? पुढची सीट राहू द्या ना त्यांच्याकडेच! मयताच्या घरचे म्हणून दिलीत ना? मग माणूस जिवंत निघाला तर काय उठवणार त्यांना?… हे मागे काय चाललंय?… अख्खी बस गातेय?… स्तोत्र. कोणी सुरू केलं?… तुम्हीच? वा. मग दादा, स्तोत्र अर्ध्यावर सोडून गाडी काढू नये. काढतात का?… नाही ना? बघा बुवा. किती कडवी राहिलीत?… सगळी म्हणा. सावकाश म्हणा. घाईत म्हटलेलं पोचत नाही… हो, द्या परत.

ताई, निघालो मी आत. तुम्ही फक्त आईंना सांगा, ही टीव्हीवरची मालिका आहे, सगळं नाटक… का?…

माहीत नाही म्हणजे?… त्यांना वाटतं ते खरंच वाचनालयात नोकरीला आहेत?… मग दर शुक्रवारी टीव्हीवर काय लागतं असं वाटतं त्यांना?… वाचनालयाचं कामकाज. बरं… आणि गावभर सांगितलंय, मुलगा सरकारी माणूस… अहो पण ताई, त्यात ते पुस्तकं उलटी लावतात! वाचक समोर उभा असतो आणि ते टेबलावर डोकं टेकून झोपतात!… काय म्हणतात आई त्यावर?… 'म्हणूनच तर कळतं, सरकारी आहे.' बरोबर आहे त्यांचं.

आलो दारापाशी… दिसतायत, ताई. शवपेटी मधोमध आहे, चौकशीच्या टेबलावर. झाकण अर्धं उघडं… पण बायका अशा खेटून बसल्यात की सुई शिरणार नाही. रडणाऱ्या बायकांच्या पायांवरून मी कसा जाऊ? बिनलग्नाचा पोरगा मी… हाक मारू? मयताला? नावाने?… आणि आवाज कसा पोचणार, तुम्ही ऐकताय ना गाणं…

उठतील कसे? म्बेवे साहेबांनी सांगितलंय, काही झालं तरी हलायचं नाही. पहाटेपासून तोंडाला रंग लावत बसले होते बिचारे. पेटीत मऊ गादी. आयुष्यात पहिल्यांदा दिग्दर्शकाचं ऐकलंय त्यांनी… अहो खरंच जिवंत आहेत! छातीवरची फुलं वरखाली होतायत, मला इथून दिसतंय!… बायकांना दिसतंय ना, पण त्यांना वाटतं पंख्याचा वारा…

किती कडवी राहिली?… दोन?… दमून बसू नका म्हणावं सगळ्यांना.

थांबा. थांबा, ताई. सोकोबाई! — या इथल्या ग्रंथपाल. खऱ्या. मालिकेतल्या नाहीत, वाचनालयाबरोबर आल्यात त्या… सोको आडनाव, हो… हो! न्गोनी! बघा, तुमच्याही डोक्यात तेच आलं! आपण बेम्बा, त्या न्गोनी… दोन जमातींचं थट्टेचं नातं! मयताच्या घरात बेम्बाची टर उडवायची मुभा असेल तर ती त्यांनाच! आमच्या आजोबांच्या वेळी एक न्गोनी खड्ड्यात उतरून झोपला होता, म्हणाला जागा प्रशस्त आहे, म्हाताऱ्याला दुसरी बघा… सगळे हसले, कोणी राग नाही धरला… त्या जाऊ शकतात पेटीपाशी. त्या काहीही करू शकतात. धरा हं.

सोकोबाई, एक मेहेरबानी… नाही, बाई, फोन खिशात नाही ठेवता येणार… माहीत आहे, वाचनकक्षात फोन बंद… बंद कसा करू, त्यात त्यांची आई आहे!… नियम आहे, कबूल… पण बाई, इथे निम्मं मुफुलिरा बसून रडतंय, ते चालतं?… 'हळू रडतायत.' हो, तुम्हीच सांगितलंत त्यांना, मी होतो इथे…

काय, ताई? शेवटचं कडवं?… पुन्हा पहिल्यापासून म्हणा!… ड्रायव्हर नाही म्हणतो?… इंजिन चालू केलं?…

बाई. ऐका. चेम्बेच्या पुलापाशी एक म्हातारी बसलीय बसमध्ये. मांडीवर नवऱ्याचा कोट घेऊन. पोराला पुरताना घालायला आणलाय तिने. आणि पोरगा तिथे, तुमच्या चौकशीच्या टेबलावर, घोरतोय. पूल ओलांडला की फोन गेला. मग ती अख्खा काँगो तो कोट धरून बसेल. गोळी पण नाही घेतली तिने, बाई…

…ताई, सोकोबाईंनी चष्मा काढला.

चालल्या… मी मागोमाग. वाकून चाललोय, फोन छातीशी आहे, ऐकू येतंय ना?… बायका वाट देतायत… त्यांना कळलंय, न्गोनी आली म्हणजे आता मयताची धुलाई… सोकोबाईंनी कंबरेवर हात ठेवले. म्हणतायत, 'बघा हा बेम्बा! मेल्यावर तरी तोंड मिटायचं. याच्या जबड्यात आमची अर्धी कपाटं मावतील'… हशा ऐकलात?… हा वाईट हशा नाही ताई, हा रिवाजाचा आहे… 'ऊठ रे आळशा, वर गेल्यावर तरी लवकर पोच'… पायाला गुदगुल्या करतायत त्या. बुटावरूनच… नाही. ढिम्म नाही. बूट मोठे दिलेत आम्ही, आत वर्तमानपत्र कोंबलंय…

बूट हलला! नाही. नाही हलला.

बस हलली?… हळूच?… आईंना खिडकीपाशी न्या, फोन कानाला लावून ठेवा, काढू नका!

बाई, जोरात काहीतरी करा, बस निघाली!… ताई, त्यांनी शब्दकोश उचलला. मोठा, कपाटाच्या तळाचा, दोन हातांनी उचलायचा… ताई, या बाईंनी इथे कोणाला साधं पान जोरात उलटू दिलेलं नाही. आमच्या मालिकेतला अख्खा एक भाग यांनी 'शूऽ' म्हणून कापायला लावला. कान जरा लांब धरा हं…

…

हॅलो? ताई? आहात ना?… आपटला. टेबलावर. डोक्याशेजारी.

उठले.

उठून बसले, ताई. म्हणाले, 'माझं वाक्य आलं का?'…

कोणी ओरडत नाहीये. तेच तर सांगतोय. इथे शांतता आहे. या वाचनालयात मी पहिल्यांदा ऐकतोय…

आता ओरडले!… खिडकीतून चाललेत!… गादीसकट, हो, एक आजी गादीसकट… बाहेर खाणवाल्यांनी हेल्मेटं घातली, पळतायत… चर्चच्या बायका नाही पळाल्या, त्या गातायत, दुप्पट जोरात… म्बेवे साहेब कॅमेऱ्यामागे रडतायत. आनंदाने… तिकडे कोपऱ्यात एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करतेय, सकाळपासून मान वर केली नव्हती तिने, ती म्हणतेय 'शूऽ'…

बा कासोंदे! धरा फोन! तुमची आई आहे… आई! खरी आई!… बोला काहीतरी!

काय, ताई?… नाही, तो त्यांचाच आवाज!… भुतासारखा येतोय कारण नाकात कापूस आहे! रंगवाल्या पोरीने घातलाय, खरं वाटावं म्हणून!… बा कासोंदे, काढा तो कापूस!… दुसऱ्या नाकपुडीतला पण!… आता बोला… असे बघत काय राहिलात माझ्याकडे?… त्यांना वाटतंय तुम्ही मेलात! वडिलांचा कोट घेऊन निघाल्यात!…

बोला ना… बा कासोंदे, तुमचं वाक्य आलंय.

…

…

ऐकलं, ताई?… आईंनी ऐकलं?… हॅलो?… त्या काही म्हणतायत का?… चाकांचा आवाज येतोय, पुलावर चढली का बस?… ताई, आईंकडे बघा जरा, श्वास…

काय विचारलं?…

'जेवलास का.'

बा कासोंदे, जेवलात का विचारतायत… नाही म्हणतात, आई. मान हलवतायत. हो, रडतायत. मयत एकटं रडतंय आणि रडणारे सगळे पळालेत… जेवतील, जेवतील! मक्याच्या न्शिमाचं पातेलं भरलेलं आहे, कोबी आहे, सुकी मासळी आहे. स्वतःच्याच मयताचं जेवण, पोटभर जेवतील… गोळी घेतलीत का तुम्ही? आधी गोळी घ्या… पाण्याबरोबर… घेतली? ताईंना विचारतोय मी… घेतली. बरं.

हो, आई, मी चोंबा… नाही, तुम्ही नका माफी मागू, माफी मी मागायची… हो, आल्यावर मारा. ती कोणती काठी आहे ती आणा… कोट? कोट आणा ना. त्यांना इथे थंडी वाजतेय, या पेटीचं कापड फार पातळ आहे…

काय?… साहेबांनी बघितलं का?… हो, आई. बघितलं. कामाच्या वेळेत झोपले आणि वरून मेले, सगळं बघितलं, तीन बाजूंनी… नोकरीवर परिणाम?…

आई, त्यांची नोकरी ना… आजचा दिवस म्हणजे त्यांचा… 

लेखकाने… नाही, काही नाही…

त्यांची नोकरी… तिला जरा बरं नाहीये. तुम्ही या, मग बोलू.

…

हो. कळलं तुम्हाला.

नाही, रडू नका, आई. पोटच्या पोराला नाही रडलात आणि नोकरीला… हं?… अर्ज? कोणाला?… वाचनालयाच्या मोठ्या साहेबांना. बरं… नाही, हसत नाहीये मी. लिहून घेतो, सांगा… सोकोबाई, पेन आहे का?… हो बाई, फोन बंद करतो, लगेच करतो, एवढं लिहून घ्या. म्हातारी सांगतेय… 'प्रति, माननीय ग्रंथपाल'… इथेच उभ्या आहेत त्या, आई, त्याच लिहितायत… 'माझा मुलगा प्रामाणिक आहे'… लिहिलं… 'झोपतो, पण कामावर येऊन झोपतो'… लिहिलं… आई, तुटतोय आवाज… 'त्याच्या वडिलांनीही'… काय, वडिलांनीही काय?… आई?…

हॅलो?…

हॅलो?…

लागला काँगो.

सोकोबाई, खोडू नका. पुढचं मी सांगतो, लिहा. 'सदर कर्मचारी आज सकाळी कर्तव्यावर असताना मरण पावला व दुपारी शब्दकोशाच्या आवाजाने पूर्ववत जिवंत झाला. तरी त्यास त्याच पदावर, त्याच टेबलापाशी, पुन्हा रुजू करून घ्यावे, आणि मधल्या वेळेतील मृत्यू ही किरकोळ रजा समजून भरपगारी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.'